त्रिनिदाद : सातासमुद्रापारचे आपले सोयरे

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना क्रिकेट आठवते. मार्च 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले, ते पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर. सुनील गावसकरांचा तो पहिलाच कसोटी सामना. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि सलीम दुराणींनी सोबर्स व लॉइड यांना लागोपाठ माघारी धाडले, ही गोष्ट अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. त्या मालिकेनंतर लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या गायकाने गावसकरांवर गाणेच रचले. पण त्याच मैदानापासून थोड्या अंतरावर, सेंट जेम्स नावाच्या वस्तीत, दरवर्षी मोहरमला ताजिये निघतात आणि ताशे वाजतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. रमजान ईदला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि घराघरांत शेवया शिजतात, हेही ठाऊक नाही.

हा देश म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगो. रमजानचा शेवटचा आठवडा आणि ईदनंतरचे काही दिवस आम्ही कुटुंबासह तिथे घालवले. कॅरिबियन म्हणजे समुद्रकिनारा, नाचगाणे आणि मद्य, असा समज असल्याने 'मुलाबाळांना घेऊन तिथे कशाला?' असे आम्हाला अनेकांनी विचारले होते. तोच प्रश्न वाचकांच्या मनात असेल, म्हणून हा देश कसा आहे, तिथले लोक कसे राहतात आणि आपल्यासारख्या कुटुंबाने जाताना काय लक्षात ठेवावे, ते एकत्र मांडतो आहोत.

दोन बेटे, अनेक धर्म

दक्षिण अमेरिकेच्या व्हेनेझुएलापासून अगदी जवळ, समुद्रात ही दोन बेटे आहेत. मोठे त्रिनिदाद, लहान टोबॅगो. 1498 मध्ये कोलंबस इथे पोहोचला. पुढे स्पेनचे आणि मग इंग्रजांचे राज्य आले. 31 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला आणि 1976 मध्ये प्रजासत्ताक बनला. लोकसंख्या सुमारे चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. त्यातले एक तृतीयांशाहून थोडे अधिक लोक भारतीय वंशाचे आणि जवळपास तेवढेच आफ्रिकी वंशाचे आहेत. बाकीचे मिश्र वंशाचे. 2011 च्या जनगणनेनुसार मुसलमान सुमारे पाच टक्के आहेत आणि हिंदू अठरा टक्क्यांच्या आसपास. ख्रिस्ती पंथ अनेक आहेत.

पाच टक्के म्हणजे फार नव्हेत. तरीही नूर मोहम्मद हसनअली हे न्यायाधीश 1987 ते 1997 अशी दहा वर्षे या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. अमेरिका खंडांतले ते पहिले मुस्लिम राष्ट्रप्रमुख. त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाहुण्यांना मद्य दिले जात नसे. ज्या देशात रमशिवाय समारंभ होत नाही असे मानले जाते, तिथे लोकांनी हे सहज स्वीकारले. आजही त्यांचे नाव सर्व धर्मांचे लोक आदराने घेतात.

रज्जाकच्या नावाचे जहाज

इस्लाम त्रिनिदादला पहिल्यांदा भारतीयांबरोबर आला नाही. गुलाम म्हणून पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांत मुसलमानही होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जोनास मोहम्मद बाथ हा मंडिंगो मुसलमानांचा पुढारी होता. त्याच्या जमातीतले लोक पैसे जमवून आपल्या बांधवांना गुलामीतून सोडवत. मायदेशी परत पाठवावे, असे अर्जही त्यांनी इंग्रज सरकारकडे केले. परवानगी मिळाली नाही. पुढच्या पिढ्यांत तो इस्लाम हळूहळू विरून गेला.

1838 मध्ये गुलामी पूर्णपणे संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. तेव्हा इंग्रजांनी भारताकडे मोर्चा वळवला. 30 मे 1845 रोजी पहिले जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले. फेब्रुवारीत कलकत्त्याहून निघालेल्या त्या जहाजावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. जहाजाचे नाव सरकारी कागदात 'फातेल रझाक' असे पडले असले, तरी मूळ नाव 'फतह-अल-रज्जाक', म्हणजे रोजी देणाऱ्याचा विजय. मुंबईच्या एका मुस्लिम व्यापाऱ्यासाठी हे जहाज बांधले गेले होते, असे सांगतात. 1917 पर्यंत अशा जहाजांतून सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे त्रिनिदादला गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली होती. पाच वर्षांचा करार, ठरलेली मजुरी आणि परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग. एकाच जहाजातून आलेले लोक एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता.

30 मे हा दिवस तिथे 'भारतीय आगमन दिन' म्हणून सुट्टीचा असतो, तसा 1 ऑगस्ट हा गुलामीमुक्तीचा दिवसही. जहाजातून उतरलेल्यांना सुरुवातीला ज्या छोट्या नेल्सन बेटावर ठेवले जाई, तिथे आता होडीने सहली जातात. मिळाली तर ती सहल जरूर करावी. मजुरांच्या नोंदी पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नाव, बापाचे नाव, जिल्हा, ठाणे आणि गाव इतके त्या कागदांवर असते. आपल्या खापरपणजोबांचे गाव शोधायला लोक आजही तिथे येतात.

भाषा गेली, शेवया राहिल्या

सॅन फर्नांडोजवळच्या एका कुटुंबात आमचा बहुतेक मुक्काम होता. घरातल्या वृद्ध बाईंना सगळे नानी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "घरी तुम्ही उर्दू बोलता ना?" आम्ही सांगितले की आम्ही कोकणातले, घरी कोकणी मराठी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो. त्यांना नवल वाटले. "मग दुआ कोणत्या भाषेत मागता?" नमाज अरबीत आणि दुआ मराठीत, असे आम्ही म्हणालो. नानी हसल्या. "आम्ही इंग्रजीत मागतो. माझी आई मात्र म्हणायची की इंग्रजीतली दुआ वर पोचत नाही."

त्रिनिदादच्या भारतीयांची बोली आता इंग्रजीच आहे, वेगळ्या हेलाची. हिंदी, भोजपुरी, उर्दू दोन-तीन पिढ्यांत बोलण्यातून गेली. शब्द मात्र राहिले, आणि ते स्वयंपाकघरात व नात्यांत राहिले. तवा, बेलना, दाल, भाजी, बेटा, नाना-नानी. अनेक घरांत, विशेषतः हिंदू घरांत, वडिलांच्या आईला 'आजी' आणि वडिलांच्या वडिलांना 'आजा' म्हणतात. बाजारात एका लहान मुलाने 'आजी' अशी हाक मारली, तेव्हा आमच्या मुलीने चमकून मागे पाहिले. डोक्यावरच्या ओढणीला तिथे आजही 'ओऱ्हनी' म्हणतात.

जुम्याचा खुतबा इंग्रजीत होतो. मौलूदच्या मजलिसी होतात आणि त्यात उर्दू कसीदे गायले जातात, पण गाणाऱ्यांसमोरच्या वहीत ते रोमन लिपीत लिहिलेले असतात. उच्चार पाठ असतो, अर्थ माहीत नसतो.

नानींच्या कपाटात एक जुने, कडा झडलेले उर्दू पुस्तक होते. ते कुराण असावे असे समजून घरच्यांनी ते साठ-सत्तर वर्षे रेशमी कापडात, सर्वांत वरच्या फळीवर ठेवले होते. आमच्या मुलीला मदरशात शिकलेली थोडी उर्दू येते. तिने चाचपडत वाचले. ते मौलूदचे पुस्तक होते. पहिल्या पानावर शाईने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. एका माणसाचे नाव आणि 'जिल्हा गाझीपूर'. ते नाव नानींच्या आजोबांचे होते. त्यांना लिहिता येत होते, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. सगळ्यांनी गृहीत धरले होते की मळ्यावरचा मजूर म्हणजे अंगठाबहाद्दर.

त्या रात्री आम्ही बराच वेळ यावर बोललो. मुसलमान असणे आणि उर्दू बोलणे एकच आहे, असे आपल्याकडे कितीतरी लोक मानतात. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला 'तुमची मातृभाषा मराठी कशी?' असा प्रश्न दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. त्रिनिदादने आम्हाला दाखवले की ईमान एका भाषेवर अवलंबून नसते. रोजा, नमाज, ईद हे सगळे तिथे इंग्रजीतून सुखरूप चालले आहे. पण भाषा गेली की आपल्याच आजोबांचा हात ओळखता येत नाही, हेही दाखवले. आपली मुले इंग्रजी शाळांत जातात, त्याला आमचा विरोध नाही. घरातली जी कोणती भाषा असेल, कोकणी, दखनी, उर्दू किंवा मराठी, ती त्यांना वाचता-लिहिता येईल एवढे पाहायला हवे, असे आम्हाला तेव्हापासून फार वाटते.

हक्क मिळवावे लागले

तिथल्या मुसलमानांना सगळे आयते मिळाले असे मात्र नाही. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत इस्लामी पद्धतीने झालेला निकाह कायद्याने विवाह मानला जात नव्हता. मुले कागदोपत्री अनौरस ठरत. मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, पण आपली शाळा नव्हती. त्या काही दशकांत अंजुमन सुन्नत-उल-जमात, तकवियतुल इस्लामिक असोसिएशन आणि त्रिनिदाद मुस्लिम लीग अशा संघटना उभ्या राहिल्या. त्यांनी अर्ज-विनंत्या करून निकाहाचा कायदा मिळवला, मशिदी बांधल्या आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून शाळा काढल्या. या शाळांत आज सर्व धर्मांची मुले शिकतात. सेंट जोसेफची 1954 मधली मोठी मशीद याच पिढीची. फाळणीनंतरच्या वातावरणात तिला जिनांचे नाव दिले गेले. आपल्याला ते खटकेल, पण तिथल्या तरुणांना त्या नावामागचा इतिहास फारसा ठाऊक नाही.

2017 मध्ये तिथल्या संसदेने सर्व धर्मांसाठी विवाहाचे किमान वय अठरा केले. त्याआधी मुस्लिम विवाह कायद्यात मुलीचे वय बारा होते. काही संघटनांनी विरोध केला, तर मुस्लिम स्त्रियांचे अनेक गट बदलाच्या बाजूने उभे राहिले. नानींची सून शिक्षिका आहे. ती म्हणाली, "जुना कायदा आमच्या पणजीच्या वेळचा होता. तेव्हा निकाह मान्य होणे हीच लढाई होती. आता मुलीने शाळा पूर्ण करणे ही आहे."

दुःखाचे पानही आहे. 27 जुलै 1990 रोजी 'जमात अल मुस्लिमीन' या गटाने संसदेवर आणि दूरचित्रवाणी केंद्रावर सशस्त्र हल्ला केला आणि पंतप्रधानांसह अनेकांना सहा दिवस ओलीस ठेवले. माणसे मेली, राजधानीत लूटमार झाली. गेल्या दशकात शंभराहून अधिक लोक सीरियाकडे गेले. बहुसंख्य मुसलमानांचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण प्रश्नांची उत्तरे त्यांनाच द्यावी लागली. हा अनुभव आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ईदचा दिवस

त्रिनिदाद विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथे रोजा वर्षभर साधारण तेरा-साडेतेरा तासांचाच असतो. मशिदीत इफ्तारची व्यवस्था असते आणि प्रवाशाला आग्रहाने बसवतात. एक गोष्ट आम्हाला सुरुवातीला चुकल्यासारखी वाटे. जन्मभर आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. तिथे किबला पूर्वेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला. उगवत्या सूर्याच्या दिशेने फज्र पढताना आपण जगाच्या किती दूरच्या टोकाला आलो आहोत, ते कळते.

चंद्र दिसला की नाही यावरून होणारी चर्चा मात्र अगदी घरच्यासारखी होती. ईदच्या नमाजाला बायका, मुली, तान्ही बाळे सगळे येतात. मशिदीत किंवा मैदानात बायकांची जागा वेगळी असते. नमाज झाली की तिथेच कागदी पेल्यांतून 'सवाईन' वाटतात. सवाईन म्हणजे आपल्या शेवयाच. भाजून, दुधात पातळसर शिजवलेल्या, वेलची-दालचिनी, मनुका आणि बदाम घातलेल्या. शिरखुर्म्याची ती सख्खी बहीण आहे. ख्रिस्ती आणि हिंदू शेजाऱ्यांकडे सवाईनचे डबे जातात, आणि दिवाळीला तिकडून मिठाई येते. मौलूदला 'मलीदा' करतात. नाव तेच आणि चवही बरीचशी तीच.

होसे आणि ताशा

मोहरमला तिथे 'होसे' म्हणतात. हुसेन या नावाचेच ते रूप. सेंट जेम्स आणि दक्षिणेकडचे सीड्रोस या दोन ठिकाणचे होसे प्रसिद्ध आहेत. बांबू आणि रंगीत कागदाचे उंच ताजिये, हसन-हुसेन यांच्या स्मरणार्थ हिरवा आणि लाल असे दोन मोठे चंद्र, आणि पुढे ताशांचा गजर. ताशाला तिथेही ताशाच म्हणतात, आणि वाजवण्यापूर्वी शेकोटीवर कातडे तापवण्याची रीतही तीच. आम्ही होसेच्या दिवसांत नव्हतो, पण एका लग्नात ताशा ऐकला. डोळे मिटले तर पुण्यातल्या मिरवणुकीत आहोत असे वाटावे.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. त्रिनिदादमध्येही मळ्यांवरचे हिंदू आणि आफ्रिकी मजूर ताजियाला खांदा देत. सगळे मजूर असे एकत्र येतात याची इंग्रजांना धास्ती वाटली आणि त्यांनी मिरवणुका शहरात आणण्यास बंदी घातली. 30 ऑक्टोबर 1884 रोजी बंदी मोडून सॅन फर्नांडोकडे येणाऱ्या मिरवणुकांवर पोलिसांनी गोळीबार केला. किमान सोळा माणसे ठार आणि शंभरावर जखमी झाली. त्यांत हिंदू मोठ्या संख्येने होते. आज तिथल्या अनेक मुसलमानांना होसेचे स्वरूप मान्य नाही, आणि तो वाद आपल्याकडच्यासारखाच चालतो. पण 1884 च्या मृतांविषयी सगळे एकाच आदराने बोलतात.

काय खावे, काय विचारावे

खाण्याची चिंता करू नये, चौकशी मात्र करावी. 'हलाल' अशा पाट्या जागोजागी दिसतात. नाश्त्याला रस्त्यावर मिळणारे 'डबल्स' खावेत. हळदीच्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये, ज्यांना 'बारा' म्हणतात, छोले आणि वर चिंचेची किंवा काकडीची चटणी. 1936 च्या सुमारास प्रिन्सेस टाऊनच्या दीन या मुस्लिम दांपत्याने हा पदार्थ विकायला सुरुवात केली आणि आज तो सगळ्या देशाचा नाश्ता झाला आहे. विक्रेता 'पेपर?' असे विचारतो तेव्हा मिरी समजू नये. ती तिथल्या जहाल मिरचीची चटणी असते. आपण कितीही तिखट खाणारे असलो तरी पहिल्या दिवशी 'स्लाइट' म्हणजे अगदी थोडी, असेच सांगावे.

'साहिना' म्हणजे आपल्या अळूवडीची नातेवाईक. 'दालपुरी' पुरणपोळीसारखी, पण आत तिखट-मिठाची डाळ. 'बस-अप-शट' म्हणजे तव्यावरच कुस्करलेला पराठा. फाटलेल्या शर्टासारखा दिसतो म्हणून हे नाव. 'पेलाव' म्हणजे तुरीच्या दाण्यांचा आणि कोंबडीचा पुलाव.

काही ठिकाणी मात्र सावध राहावे. 'कॅलालू' ही अळूची पातळ भाजी फार चवदार असते, पण तिच्यात आणि कधी पेलावमध्येही खारवलेली डुकराची शेपटी घालतात. म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. नाताळाचा काळा केक रममध्ये भिजवलेला असतो. लिंबू सरबतातही 'अँगोस्टुरा बिटर्स'चे थेंब टाकण्याची पद्धत आहे. हे बिटर्स त्रिनिदादमध्येच बनते आणि त्यात बरेच अल्कोहोल असते. 'बिटर्स नको' एवढे म्हटले की पुरते. कुणी वाईट मानत नाही.

वागण्याच्या रीती

दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणावे. न म्हणता थेट काम सांगणे उद्धटपणाचे मानतात. अंधार पडल्यावर भेटताना 'गुड नाइट' म्हणतात. तो निरोप नसून अभिवादन असते. 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नव्हे, थोड्या वेळाने. कधी दोन तासांनी. काम नसताना मित्रांबरोबर गप्पा मारत बसण्याला 'लाइमिंग' म्हणतात. आपल्या पारावरच्या बैठकीसारखे.

लष्करी छापाचे कपडे घालणे तिथे कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलांच्या टोप्या आणि बॅगासुद्धा तपासून घ्याव्यात. हिजाब किंवा सलवार-कमीज पाहून कुणी वळून बघत नाही. ऍश वेन्सडेच्या आधीच्या सोमवार-मंगळवारी कार्निव्हल असतो. त्या दिवसांतली गर्दी, मद्य आणि वाढलेले दर पाहता कुटुंबाने दुसरा काळ निवडावा. स्टीलपॅन मात्र जरूर ऐकावे. तेलाच्या पिंपांपासून हे वाद्य त्रिनिदादच्या गरीब वस्त्यांत जन्मले.

फिरताना

वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने चालते. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते. 'पी'ने सुरू होणारी खासगी गाडी कितीही स्वस्त सांगितली तरी घेऊ नये. मॅक्सी-टॅक्सी म्हणजे लहान बस. हिरवा पट्टा सॅन फर्नांडोकडे, लाल पट्टा पूर्वेकडे. गुन्हेगारी हा तिथला खरा प्रश्न आहे. डिसेंबर 2024 मध्ये सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. राजधानीत अंधार पडल्यावर पायी फिरू नये, दागिने घरीच ठेवावेत आणि कोणत्या वस्तीत जायचे ते यजमानांना विचारून ठरवावे.

कॅरोनीच्या खारफुटीत संध्याकाळी होडीने जावे. लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरताना मुले श्वास रोखून पाहतात. ला ब्रेयाला सुमारे शंभर एकरांचे डांबराचे नैसर्गिक तळे आहे. त्यावर वाटाड्याबरोबरच चालावे. मार्च ते ऑगस्टमध्ये ग्रांड रिव्हिएरच्या किनाऱ्यावर अजस्र समुद्री कासवे अंडी घालायला येतात. त्यासाठी परवाना लागतो. वॉटरलूचे समुद्रातले मंदिर चुकवू नये. सिवदास साधू या मळ्यावरच्या मजुराने बांधलेले देऊळ जमिनीच्या मालकीवरून पाडले गेले आणि त्याला तुरुंगात टाकले. तेव्हा समुद्र कुणाच्या मालकीचा नाही म्हणून त्याने सायकलवरून दगड-माती वाहून पाण्यात भर घातली आणि तिथे देऊळ उभारले. आम्हाला ते दाखवायला नानींचा मुलगाच घेऊन गेला.

टोबॅगोला विमानाने अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो, बोटीने चार तासांच्या आसपास. किनारे शांत आहेत. तिथल्या डोंगरावरचे जंगल 1776 पासून कायद्याने राखीव आहे.

निघण्यापूर्वी

मुंबईहून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेत विमान बदलावे लागते. अमेरिकेतून जायचे तर नुसते विमान बदलण्यासाठीही तिथला व्हिसा हवा. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही, तरी नियम बदलत असल्याने दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायोगाकडून खात्री करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पीतज्वराची लस. आपल्या सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. हज-उमराहला जाताना लस टोचून घ्यायची आपल्याला सवय आहेच. ही लस सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. डासांपासून जपावे, कारण डेंग्यू आहे. जानेवारी ते मे हा कोरडा हंगाम प्रवासाला चांगला. वीज 115 व्होल्टची आणि पिनाही वेगळ्या असतात. वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात स्थानिक डॉलर मिळतात.

भेट म्हणून काय न्यावे, असे विचाराल तर जानमाज, अत्तर आणि आपल्याकडच्या बारीक शेवया. त्याहून मोठी भेट म्हणजे वाचता येणारे डोळे. तिथल्या कितीतरी घरांत अशी पुस्तके, पत्रे आणि निकाहनामे कापडात गुंडाळून ठेवलेले आहेत. उर्दू वाचता येणारे कुणी पाहुणे आले, तर घरातली म्हातारी माणसे ती मोठ्या आशेने बाहेर काढतात. आपल्यापैकी कुणी तिकडे गेले तर चहाला बसल्यावर एवढे जरूर विचारावे, "जुने कागद काही आहेत का?" त्यातून एखाद्या घराला आपले गाव सापडले, तर तो प्रवास सार्थकी लागला म्हणायचा. अल्लाह अशी संधी सर्वांना देवो.